कामकाज संपताना: कराड, ७ डिसेंबर २०२०

२०२० सालच्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन घड्याळं एकाच वेळी चालू होती. महामारीतून वर यायला लागणारा पैसा लोकांच्या हाती कधी पडणार, हे दोन्ही घड्याळांवर ठरायचं होतं. पहिलं ब्रसेल्समध्ये. तिथं युरोपीय संघाच्या २७ देशांनी मिळून उभारायचा ७५० अब्ज युरोचा निधी दोन देशांच्या नकारामुळे अडला होता. दुसरं कराडात. दि कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द करणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशावर तारीख पडायची होती ७ डिसेंबरची, वार सोमवार. पहिल्या घड्याळाकडे जगाचं लक्ष होतं. दुसऱ्याकडे पाहत होते ते ज्यांचा पैसा तीन वर्षं आत होता ते लोक.

त्या आदेशात वेळ एकच आहे: त्या दिवशीचं कामकाज संपताना. बँकेचा दिवस संध्याकाळी पाचच्या सुमारास मिटतो असं धरून पुढचे तास उलटे मोजले आहेत. यात दिसणाऱ्या खातेदारांना नावं नाहीत. सातारा-सांगली पट्ट्यातल्या कुठल्याही सहकारी बँकेच्या काउंटरवर भेटतात तशी ही माणसं आहेत. तारखा, रकमा, कायदे आणि निर्णय मात्र नोंदीतले आहेत.

सोमवार, पहाटे ५. उरले १२ तास.

हंगाम ऐन भरात आहे. यशवंतनगरच्या सह्याद्री कारखान्याकडे, रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या चालल्या आहेत. थंडीत ऊसतोड मजुरांच्या खोपटांपुढे चुली पेटल्या आहेत. या भागातला पैसा असाच उगवतो, फडात. ऊस कारखान्याला गेला की चौदा दिवसांत त्याची रक्कम शेतकऱ्याला मिळाली पाहिजे, असा १९६६ सालचा ऊस नियंत्रण आदेश आहे. ती रक्कम बँकेतल्या खात्यावर जमा होते. त्यातून सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं, खत-बियाण्याच्या दुकानाची उधारी मिटते, उरलेल्यातून पोरीच्या लग्नासाठी मुदत ठेव होते.

म्हणून इथं बँक ही चैनीची गोष्ट कधीच नव्हती. पाटाच्या पाण्याला जसा दांड लागतो, तसा पैशाला बँक लागते. दांड फुटला तर धरण कितीही भरलेलं असो, टोकाचं रान कोरडंच राहतं.

सकाळी ७. उरले १० तास.

सोमवार पेठेत, शनिवार पेठेत, मलकापुरात, आसपासच्या गावांत कपाटाच्या आतल्या कप्प्यात एक कागद जपून ठेवलेला आहे. ठेव पावती. जाडसर कागद, वर बँकेचं नाव, खाली गोल शिक्का आणि दोन सह्या. मधल्या चौकटीत रक्कम आकड्यात, रक्कम अक्षरी, व्याजाचा दर, ठेवल्याची तारीख. शेवटच्या चौकटीत देय तारीख.

निवृत्त शिक्षकाने फंड-ग्रॅच्युइटी मिळाल्यावर ही पावती केलेली असते. मोठ्या बँकेपेक्षा अर्धा-एक टक्का व्याज जास्त, ज्येष्ठ नागरिकाला त्याहून थोडं अधिक. पण खरं कारण व्याज नसतं. काउंटरमागचा माणूस ओळखीचा असतो, संचालक गावातले असतात, वार्षिक सभेला आपल्याला बोलता येतं. किराणा दुकानदाराकडे रोज संध्याकाळी पिग्मी एजंट येतो, पन्नास-शंभर रुपये घेतो, पुस्तकावर नोंद करतो. नोकरदाराचा पगार जसा, तशी दुकानदाराची पिग्मी. दिवाळीला किंवा शाळा सुरू होताना ती हाती येते.

तुळशीची लग्नं होऊन आठवडा झाला आहे. लग्नसराई सुरू आहे, पाहुण्यांच्या संख्येवर बंधन आहे. पावतीवरची देय तारीख मात्र केव्हाच उलटून गेली आहे.

सकाळी ९. उरले ८ तास.

ती का उलटली, यासाठी ११२६ दिवस मागे जायला हवं. ७ नोव्हेंबर २०१७, मंगळवार. नोटाबंदीच्या वर्षपूर्तीचा आदला दिवस. त्या दिवसापासून कराड जनता बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध लागू झाले.

बँकिंग नियमन कायद्याच्या ३५-अ कलमाखाली असे निर्देश दिले जातात. एकदा ते लागू झाले की परवानगीवाचून नवं कर्ज देता येत नाही, नवी ठेव घेता येत नाही, आणि ठेवीदाराला स्वतःच्या खात्यातून ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे पैसे काढता येत नाहीत. यामागचा हेतू रास्त असतो. घाबरलेल्या लोकांनी एकदम रांग लावली तर पहिल्या शंभरांना सगळं मिळेल आणि उरलेल्यांना काहीच नाही. दार अर्धं लोटून घेतलं, तर आत जे आहे ते सगळ्यांमध्ये वाटता येईल. दरम्यान थकबाकी वसूल व्हावी, एखाद्या सशक्त बँकेत विलीनीकरण व्हावं, ही अपेक्षा.

पण अर्धं लोटलेलं दार किती काळ तसं ठेवायचं, याला त्या वेळच्या कायद्यात शेवट नव्हता. मुदत संपत आली की मुदतवाढ. त्यात सहकारी बँकांवरचं नियंत्रणही दुहेरी. बँकिंगचा व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या नजरेखाली, तर संस्थेची नोंदणी, निवडणूक, लेखापरीक्षण आणि अवसायन राज्याच्या सहकार खात्याकडे. २०२० साली हे सहकार खातं कराड उत्तरचे आमदार बाळासाहेब पाटील यांच्याकडे होतं. ज्या गावात प्रीतिसंगमावर सहकाराला बळ देणाऱ्या यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, त्याच गावाचा हा प्रश्न होता. तरीही दोन नियंत्रकांच्या मधली जागा भरून निघायला दिल्लीत कायदा बदलावा लागला. बँकिंग नियमन दुरुस्तीचा अध्यादेश जून २०२० मध्ये आला आणि सप्टेंबरात त्याचा कायदा झाला. कराडला तोवर फार उशीर झाला होता.

सकाळी १०. उरले ७ तास.

शाखांची शटर वर जातात. तोंडाला मास्क, दारात सॅनिटायझरची बाटली, काउंटरसमोर अंतर राखण्यासाठी मारलेले गोल. नऊ महिन्यांत हे सगळं अंगवळणी पडलं आहे.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देश बंद होत असल्याचं सांगितलं आणि बारा वाजता तो बंद झाला. त्या रात्री कराड जनता बँकेवरच्या निर्बंधांना ८६८ दिवस झाले होते. एप्रिलमध्ये मलकापूर आणि वनवासमाची ही नावं रोजच्या बातम्यांत येऊ लागली. गल्ल्यांच्या तोंडाला बांबू आडवे बांधले गेले. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात जिल्हा पुन्हा कडक बंद झाला.

२७ मार्चला रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाऊण टक्क्याने उतरवून ४.४० टक्क्यांवर आणला आणि कर्जाचे हप्ते तीन महिने न भरण्याची मुभा दिली. पुढे ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. ज्याने कर्ज घेतलं होतं त्याला श्वास घ्यायला जागा मिळाली, आणि ते योग्यच झालं. पण ज्या घराने ठेव ठेवली होती आणि ज्याची बँक निर्बंधाखाली होती, त्या घराला याचा काय उपयोग? त्यांचं कुणाला देणं नव्हतंच. त्यांचं येणं होतं, आणि तेच अडकलं होतं. दुकान चार महिने बंद, घरात ऑक्सिजनची पातळी पाहायला नवं यंत्र आणलेलं, खाजगी दवाखान्यात दाखल करायचं तर आधी अनामत रक्कम. अशा वेळी वीस वर्षं साठवलेला पैसा पासबुकात छापील दिसतो आणि हातात येत नाही. अर्ज करायचा, कागद जोडायचे, मंजुरीची वाट पाहायची. आजारपण अर्जाच्या निकालासाठी थांबत नाही.

ही या घटनाक्रमातली मुख्य गोष्ट आहे. महामारीनंतर उभं राहायला माणसाला सगळ्यांत आधी लागतो तो त्याचा स्वतःचा पैसा. मदत, अनुदान, नवं कर्ज हे सगळं त्यानंतर.

दुपारी १२.३० (ब्रसेल्समध्ये सकाळचे ८). उरले साडेचार तास.

ब्रसेल्समध्ये कचेऱ्या उघडत आहेत. तीन दिवसांवर, १० डिसेंबरला, युरोपीय संघाच्या राष्ट्रप्रमुखांची परिषद आहे आणि पेच सुटलेला नाही.

युरोपने हा धडा महाग शिकला होता. २०१० साली ग्रीसचं कर्जसंकट चिघळलं, तेव्हा प्रत्येक देश दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिला. दोन वर्षं कपात, व्याजदर आणि अटी यांवर वाद चालले. जुलै २०१२ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेचे प्रमुख मारिओ द्रागी यांनी युरो वाचवण्यासाठी लागेल ते करू असं जाहीर केलं, तेव्हा बाजार शांत झाला. तोवर दक्षिण युरोपातली एक पिढी बेकारीत होरपळून निघाली होती.

म्हणून २०२० साली त्यांनी एकाच नळावर विसंबून राहायचं नाही असं ठरवलं. पहिला नळ उघडला १८ मार्चच्या रात्री. मध्यवर्ती बँकेने ७५० अब्ज युरोची रोखेखरेदी जाहीर केली आणि त्यामुळे इटली-स्पेनसारख्या देशांना कर्ज महाग होणं थांबलं. त्याच महिन्यात तुटीवर मर्यादा घालणारे संघाचे नियम बाजूला ठेवण्यात आले. दुसरा नळ होता ‘शुअर’ ही १०० अब्ज युरोची योजना. काम कमी झालं तरी कामगाराला काढू नका, पगाराचा वाटा सरकार उचलेल, आणि त्यासाठी सरकारला संघ स्वस्त कर्ज देईल. ऑक्टोबरअखेरीस इटली, स्पेन आणि पोलंडला तिचा पहिला हप्ता पोचलाही होता.

तिसरा आणि सगळ्यांत मोठा नळ म्हणजे तो ७५० अब्जांचा पुनर्बांधणी निधी. त्यावर १७ जुलैला सुरू झालेली परिषद चार दिवस आणि चार रात्री चालली. २१ जुलैला ब्रसेल्समध्ये पहाटे साडेपाच वाजता तडजोड झाली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. श्रावणाचा पहिला दिवस होता, आणि कराडची बाजारपेठ बंद होती.

दुपारी २. उरले तीन तास.

त्या चार रात्री वाद कशावर झाला, हे कराडच्या कुठल्याही सभासदाला एका शब्दात कळेल: जामीन.

सहकारी बँकेत कर्ज घ्यायचं तर दोन जामीनदार लागतात. भाऊबंद, मित्र, शेजारचा शेतकरी. सही करताना तो एवढंच विचारतो, ‘तू नाही फेडलंस तर माझ्या गळ्यात येणार ना?’ नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि डेन्मार्क हे चार देश हाच प्रश्न विचारत होते. इटलीचं कर्ज आम्ही का फेडायचं? इटलीचं म्हणणं, आजार आमच्याकडे आधी आला यात आमचा दोष काय? मे महिन्यात युरोपीय आयोगाने सुचवलेल्या आराखड्यात ५०० अब्ज अनुदान आणि २५० अब्ज कर्ज होतं. जुलैच्या तडजोडीत ते ३९० अब्ज अनुदान आणि ३६० अब्ज कर्ज झालं. आकडे खालीवर झाले, तत्त्व टिकलं. सगळ्यांनी मिळून, संघाच्या सामायिक अंदाजपत्रकाच्या जोरावर कर्ज काढायचं, ज्याला जास्त लागलंय त्याला जास्त द्यायचं, आणि २०५८ पर्यंत सगळ्यांनी मिळून फेडायचं.

हे वाचताना आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. एकाच्या अडचणीला सगळ्यांची पत लावायची, यालाच आपण सहकार म्हणतो. कृष्णा-कोयनेच्या काठावर याच कल्पनेवर कारखाने, दूधसंघ, पाणीपुरवठा संस्था आणि बँका उभ्या राहिल्या. सामायिक जामीन म्हणजे काय हे वाळवा, कराड, पलूस या तालुक्यांना ब्रसेल्सकडून शिकायची गरज नव्हती.

पण सामायिक जामिनाला एक पथ्य असतं. हिशेब सगळ्यांना दिसला पाहिजे. कुणाला किती दिलं, परत किती आलं, थकलं तर का थकलं. युरोपात डिसेंबरातला पेच याच पथ्यावरून होता. ज्या देशात कायद्याचं राज्य नीट चालत नाही त्याला संघाचा पैसा रोखता यावा, अशी अट घालण्यात येत होती. तिला विरोध म्हणून १६ नोव्हेंबरला हंगेरी आणि पोलंड यांनी सगळ्या अंदाजपत्रकालाच नकार दिला. म्हणजे इतका मोठा निधी हिशेबाच्या अटीवर अडला होता. आपल्याकडे नेमकं उलटं घडत आलं आहे. अनेक सहकारी बँकांत हिशेबाची अट आधी ढिली झाली, पैसा वाटला गेला, आणि अट आठवली तेव्हा वसूल करायला फारसं उरलं नव्हतं.

दुपारी ३.३०. उरला दीड तास.

आता त्या ठेव पावतीकडे परत येऊ, आणि तिचं सगळं भवितव्य ज्यावर टेकलं आहे त्याकडे: ठेव विमा.

१९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, त्यानंतर देशात ठेवींचा विमा उतरवणारं महामंडळ उभं राहिलं. १ जानेवारी १९६२ पासून ते कामाला लागलं, तेव्हा विम्याची मर्यादा १,५०० रुपये होती. वाढत वाढत १९९३ साली ती १ लाख झाली आणि तिथंच सव्वीस वर्षं थांबली. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, मुंबईत ठेवीदार रस्त्यावर उतरले, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाखांवर गेली.

परवाना रद्द होण्याच्या दिवशी जी मर्यादा असेल ती लागू होते. म्हणजे कराड जनताचा परवाना वर्षभर आधी रद्द झाला असता, तर ठेवीदाराला जास्तीत जास्त १ लाख मिळाले असते. ७ डिसेंबरला तो रद्द होत असल्याने ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्यानुसार ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळणार आहे. हा मोठा दिलासा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे.

तरीही उरलेला एक टक्का नीट पाहायला हवा. विमा मोजतो तो ठेवीदार, माणसं नव्हे. एका नावावरच्या बचत, चालू आणि मुदत ठेवी, कुठल्याही शाखेत असोत, मुद्दल आणि व्याज धरून एकत्र केल्या जातात आणि त्या बेरजेला ५ लाखांची मर्यादा लागते. गावच्या पतसंस्थेने आपली ठेव या बँकेत ठेवली असेल तर ती पतसंस्था विम्याच्या लेखी एक ठेवीदार. तिच्यामागे पाचशे सभासद असले तरी मर्यादा तीच, ५ लाख. गृहनिर्माण संस्थेचा दुरुस्ती निधी, शिक्षण संस्थेची अनामत, देवस्थानची ठेव यांचंही तसंच. ज्या शिक्षकाने घर विकून आलेली रक्कम म्हातारपणासाठी एकरकमी ठेवली, तोही त्या एक टक्क्यात. त्याच्यासाठी पाच लाखांवरचा प्रत्येक रुपया आता बँकेच्या थकित कर्जांच्या वसुलीवर अवलंबून आहे.

दुपारी ४.३०. उरला अर्धा तास.

काउंटरवर दिवसाची बेरीज लागते आहे. रोख मोजून बंडलांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या जात आहेत. स्लिपा दोऱ्यात ओवल्या जात आहेत. पिग्मी एजंटाच्या धंद्याची ही वेळ. बाजारपेठेत एकेकाळी याच वेळी तो दुकानादुकानांत फिरायचा. निर्बंध लागल्यापासून लोकांनी रोजची पन्नास-शंभरची नोट दुसरीकडे वळवली, नाहीतर डब्यात ठेवायला सुरुवात केली. बँक आजारी पडते तेव्हा पहिला फटका बसतो तो या माणसाला. त्याचं कमिशन जातं आणि त्याने दारोदार कमावलेला विश्वासही जातो. ‘तुमच्या शब्दावर ठेवले होते’ हे वाक्य त्याला रस्त्यात ऐकावं लागतं. कर्ज कुणाला दिलं हे त्याला कुणी विचारलेलं नसतं, उत्तर मात्र त्यालाच द्यावं लागतं.

संध्याकाळी ५. कामकाज संपलं.

परवाना रद्द. बँकेकडे पुरेसं भांडवल नाही आणि कमाईची शक्यता नाही, हे रिझर्व्ह बँकेने दिलेलं कारण. या क्षणापासून ठेव घेणं आणि ठेव परत देणं यांसह बँकिंगचा कुठलाही व्यवहार करायला मनाई. अवसायनाचा आदेश काढून अवसायक नेमावा, अशी विनंती राज्याच्या सहकार आयुक्तांना.

बाहेर कराड नेहमीसारखंच आहे. एसटी स्टँडवर पाटण, इस्लामपूर, विट्याच्या गाड्या लागल्या आहेत. संगमावर अंधार पडतो आहे. कुणाच्याही घरी अजून बातमी पोचलेली नाही.

मंगळवार, ८ डिसेंबर, सकाळी ११.

शेतकरी आंदोलनाने पुकारलेला भारत बंद सुरू होतो. तीन वाजेपर्यंत चक्काजाम.

दुपारी १२ वाजून १ मिनिट.

इंग्लंडमध्ये सकाळचे ६.३१. कोव्हेंट्रीच्या रुग्णालयात मार्गारेट कीनन या नव्वदीच्या आजींना फायझरच्या लशीचा डोस दिला जातो. चाचण्यांच्या बाहेर ही लस घेणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या व्यक्ती. नऊ महिन्यांत पहिल्यांदा महामारीचा शेवट डोळ्यांना दिसतो.

त्याच मंगळवारी परवाना रद्द झाल्याची बातमी जाहीर होते. आजारातून सुटायची वाट जगाला सापडली त्याच दिवशी कराडच्या ठेवीदारांना कळलं की आपली बँक राहिली नाही. ओळखीच्यांना फोन जातात, कपाटं उघडली जातात, पावत्या बाहेर येतात. पाच लाखांच्या आत की बाहेर, ही बेरीज घराघरांत सुरू होते.

गुरुवार, १० डिसेंबर.

ब्रसेल्समध्ये पेच सुटतो. हिशेबाची अट राहते, मात्र तिची अंमलबजावणी न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबवायचं ठरतं. हंगेरी आणि पोलंड नकार मागे घेतात. त्याच दिवशी मध्यवर्ती बँक आपली रोखेखरेदी ५०० अब्जांनी वाढवून १,८५० अब्ज युरोवर नेते. निधीच्या सगळ्यांत मोठ्या भागातला पहिला पैसा देशांच्या तिजोरीत जायला ऑगस्ट २०२१ उजाडला. युरोपलाही उशीर झालाच. पण तोवर आधीचे दोन नळ चालू होते, त्यामुळे तिसऱ्याची वाट पाहणं त्यांना परवडलं.

त्यानंतरची मोजणी

परवाना गेला की आणखी एक घड्याळ सुरू होतं. ठेव विम्याच्या कायद्याप्रमाणे अवसायकाने सूत्रं घेतल्यापासून तीन महिन्यांत ठेवीदारांची यादी विमा महामंडळाकडे द्यायची, आणि यादी मिळाल्यापासून दोन महिन्यांत महामंडळाने पैसे द्यायचे. ठेवीदाराने फॉर्म भरायचा, केवायसीचे कागद आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा नंबर द्यायचा. कुणी वारलं असेल तर वारसाचे दाखले. सगळं वेळेवर झालं असं धरलं तरी डिसेंबरातून मोजणी जाते मार्चला आणि मार्चातून मे २०२१ ला. तो मे कसा होता हे सातारा-सांगलीत कुणाला सांगावं लागत नाही. दुसरी लाट, ऑक्सिजनच्या बेडसाठी रात्री-अपरात्री फोन, रेमडेसिव्हिरसाठी धावपळ.

ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने कायदा बदलला. बँकेवर निर्बंध आले की आता ९० दिवसांत ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतची रक्कम मिळायला हवी. पहिल्या ४५ दिवसांत बँकेने यादी द्यायची, पुढच्या ४५ दिवसांत पडताळणी होऊन पैसे. परवाना रद्द होण्याची वाट पाहायची नाही. हाच नियम २०१७ साली असता तर कराडच्या ठेवीदारांची मुदत ५ फेब्रुवारी २०१८ ला पुरी झाली असती. तेव्हा मर्यादा लाखाचीच होती. पण छोट्या ठेवीदाराचा तो लाख महामारी येण्याआधी दोन वर्षं त्याच्या हातात असता.

या दुरुस्तीचं मी मनापासून स्वागत करतो, आणि तरीही तीन गोष्टी मागतो. पाच लाखांवरच्या ठेवीसाठीही मुदत हवी. थकित कर्जाची वसुली किती झाली आणि कुणाची झाली नाही, याचा तक्ता दर तिमाहीला शाखेच्या दारावर लागला पाहिजे. आणि पतसंस्थेची ठेव विम्यासाठी मोजताना तिच्यामागचे सभासद मोजले गेले पाहिजेत. महापूर असो वा महामारी, पुनर्बांधणीचा पैसा जाहीर करण्याआधी सरकारने एक प्रश्न विचारावा: या लोकांचा स्वतःचा पैसा कुठे अडकला आहे का? तो आधी मोकळा करा. त्यासाठी नवं कर्ज काढावं लागत नाही आणि कुणाचा जामीनही लागत नाही.

ठेव पावतीवर देय तारखेची चौकट असते. ती चौकट बँकेने भरलेली असते, ठेवीदाराने नव्हे. दिलेल्या शब्दाला तारीख घालणं, हे सहकाराने आपल्याकडे गावागावांत रुजवलं. निर्बंधांखाली अडकलेल्या विम्याच्या रकमेलाही आता नव्वद दिवसांची तारीख आली आहे. पाच लाखांवरच्या त्या शिक्षकाच्या पावतीवरची चौकट मात्र अजून नव्याने भरली गेलेली नाही. ती कुणीतरी भरली पाहिजे.